स्वयंपाकघराच्या दारावरची यादी

मागच्या महिन्यात लेकीने मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नाही. ती पुण्यात इतिहासात एम.ए. करते. जुन्या तुर्की साम्राज्यातल्या कामगारांवर तिला निबंध लिहायचा होता. तिथल्या एका बंदरात तंबाखूच्या वखारींमधून म्हणे चार-चार भाषांची माणसं एकत्र काम करायची, प्रत्येकाचा देव वेगळा, आणि तरी सगळे मिळून संपावर जायचे. त्यांची पत्रकंसुद्धा चार भाषांत निघायची. हे सगळं तिने अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगितलं. शारजात वाढलेली पोरं. आपण मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच येतं. आणि मग मधेच म्हणाली, "बाबा, तुम्ही तर लेबर कॅम्प चालवायचात ना? डिड यू गाइज हॅव अ युनियन?"

"छे, तिकडे युनियनला परवानगीच नाही," मी म्हटलं.

उत्तर बरोबर होतं. ती मान हलवून लिहायला लागली. मी मात्र गॅलरीत गेलो, परत आलो, पेपर उचलला, ठेवला, पुन्हा गॅलरीत गेलो. बायको म्हणाली, "तुम्ही एका जागी बसा बघू, मला चक्कर येते." बसलो असतो, पण मला आठवलं होतं की आमच्याकडे युनियन होती. ती मीच माझ्या हाताने लिहून, प्लास्टिकच्या कव्हरात घालून, स्वयंपाकघराच्या दारावर लावली होती. फक्त तिला युनियन म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. आखातात 'कॅम्प बॉस' नावाची एक जात असते. बांधकाम कंपनीचे शेकडो कामगार जिथे राहतात त्या वसाहतीचा हा कारभारी. माझ्या कार्डावर 'कॅम्प अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असं छापलं होतं. पण मला साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे कॅम्प बॉसच म्हणायचे. कॅम्प शारजाच्या औद्योगिक भागात, एका बाजूला पत्र्याचं गॅरेज आणि दुसऱ्या बाजूला टायरचं गोदाम. तीन मजली दोन इमारती, सातशे माणसं, एका खोलीत आठ, दोन मजली लोखंडी खाटा. मी स्वतः शहरातल्या रोल्ला भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये बायको-मुलीसह राहायचो आणि सकाळी सातला कॅम्पात हजर व्हायचो.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे खोल्या वाटायच्या आणि किल्ल्या सांभाळायच्या. प्रत्यक्षात कॅम्प बॉस हा पाण्याचा टँकर, तुंबलेली गटारं, गॅसची सिलिंडरं, ढेकूण, ताप, भांडणं आणि घोरणं या सर्वांचा मंत्री असतो. घोरण्यावरून माझ्याकडे जेवढ्या तक्रारी आल्या तेवढ्या जेवणावरूनही आल्या नाहीत. एक पेशावरकडचा पठाण इतका घोरायचा की खोलीतल्या सात जणांनी सही करून अर्ज दिला. मी त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं. तिथूनही अर्ज आला. शेवटी एका खोलीत मी कॅम्पातले आठ अट्टल घोरणारे शोधून शोधून भरले. पंधरा दिवसांनी पाहणीला गेलो तर सगळे खूश. "बॉस, बहुत शांती है," तो पठाण म्हणाला. या कामगिरीचा मला आजही अभिमान आहे.

खोल्या कशा भरायच्या याचा मात्र एक नियम होता आणि तो माझा नव्हता. ऑफिसची ताकीद होती की एका खोलीत एका भाषेची दोनपेक्षा जास्त माणसं ठेवायची नाहीत. कारण उघड होतं. एका गावची आठ डोकी एका खोलीत बसली की काहीतरी शिजणारच. तेव्हा तेलंगणातला सळया बांधणारा स्टील फिक्सर, त्याच्या वरच्या खाटेवर बांगलादेशी गवंडी, समोर मल्याळी इलेक्ट्रिशियन, कोपऱ्यात नेपाळी हेल्पर, अशी मी भेसळ करायचो. यात मला मोठं कसब वाटायचं. भिंतीवर तक्ता होता, प्रत्येक भाषेला एक रंग. कुठे एका रंगाचे तीन ठिपके जवळ आले की मला चैन पडायचं नाही. आपण नेमकं काय करतोय असा विचार तेव्हा एकदाही मनात आला नाही, हे कबूल करतो.

पण झोपायला माणूस कुठेही झोपतो, जेवायला नाही. खोल्या मिसळल्या तरी स्वयंपाक ज्याच्या त्याच्या भाषेतच राहिला. खाली मोठं स्वयंपाकघर, त्यात सहा ओटे, प्रत्येक ओट्यावर दहा-दहा शेगड्या. एक ओटा मल्याळ्यांचा, एक तेलुगूंचा, एक बंगाल्यांचा, एक पठाणांचा, एक नेपाळ्यांचा, आणि सहावा उरलेल्यांचा, म्हणजे बिहार-यूपीचे भय्ये आणि आमचे कोकणातले थोडे मुसलमान. दहा-बारा जण मिळून एक मेस करायचे आणि आलटून-पालटून रांधायचे. संध्याकाळी सातच्या सुमारास तिथे पाय ठेवला की एका नाकपुडीत खोबरेल आणि दुसरीत मोहरीचं तेल. बंगाल्यांनी सुकी मासळी कढईत टाकली की नेपाळी ओरडत बाहेर पळायचे. पठाणांची रोटी वेळ खायची, म्हणून ते दुसऱ्यांच्या शेगड्या बळकवायचे. एकदा यावरून उलथनी चालली आणि तीन जणांना टाके पडले.

ऑफिसचं म्हणणं, पोलिसांना बोलवा. मला ते नको होतं. तेव्हा हसनभाई पुढे आला.

हसनभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचा, शटरिंग कारपेंटर. काँक्रीट ओतण्याआधी लाकडी साचा बांधतात, ते त्याचं काम. वय बावन्न, कंपनीत अठरा वर्षं, उजव्या हाताचं एक बोट अर्धं. घरी ते लोक आपली कोकणी बोलत, पण गावच्या मराठी शाळेत तो सातवीपर्यंत शिकलेला होता आणि माझ्याशी बोलताना मुद्दाम शाळेतलं मराठी बोलायचा. मला तो 'कदमसाहेब' म्हणे. सातशे माणसांत माझ्याशी मराठी बोलणारी पाच-सहाच, म्हणून माझा त्याच्यावर जीव होता, हेही कबूल करतो.

"कदमसाहेब," तो म्हणाला, "आमच्या गावात मशिदीच्या विहिरीवर पाळी असते. महिनाभर एका घराचा माणूस विहीर बघतो. पंप बंद पडला, कोणी जास्त पाणी काढलं, काहीही झालं तरी बोलायचं त्यानेच. दुसरा कोणी मधे बोलला तर त्याला गप्प करतात. महिना संपला की पुढचं घर. त्यामुळे कोणी मोठा होत नाही आणि कोणाशी कायमचं वैरही येत नाही. तसं इथे करा."

तसं केलं. प्रत्येक ओट्याचा दर महिन्याला एक माणूस. जानेवारी ते डिसेंबर, सहा ओटे, म्हणजे वर्षाची बहात्तर नावं. यादी मी स्वतः सुवाच्य अक्षरात लिहिली. आठवड्यात उलथनी थांबली. महिन्यात असं झालं की शेगड्याच नाही, पाण्याचं, संडासाचं, आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याचं, काहीही असलं की त्या महिन्याचे सहा जण माझ्याकडे यायचे. सहा भाषांचे सहा जण, कॅम्पातल्या त्या मोडक्या हिंदीत बोलणारे. माझं काम निम्म्यावर आलं. मी त्यांना शब्द दिला होता की ज्याची पाळी आहे तो बोलेल, त्याबद्दल त्याला कोणी काही करणार नाही. मी कोण शब्द देणारा? पण दिला होता.

मग दोन हजार आठ संपता संपता सगळं बिघडलं. त्या दिवसांची आठवण आली की आजही माझा पाय आपोआप हलायला लागतो. दुबईत जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या, आणि एकही हलत नाही. आमच्या तीन साइट्स होत्या, त्यातल्या दोन एका आठवड्यात खलास झाल्या. रोज नवी अफवा. कोणी म्हणे शेजारच्या कंपनीचा मालक गाडी विमानतळावर सोडून पळाला, कोणी म्हणे आपला नंबर पुढचा. रोल्लाच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला की 'कसे आहात' ऐवजी 'अजून आहात ना' असं विचारायचा. आणि 'लाँग लीव्ह' हा शब्द तेव्हाच कानावर आला. माणसाला काढून टाकलं असं म्हणायचं नाही. लांब रजेवर घरी पाठवायचं, बिनपगारी, 'काम आलं की बोलावू' म्हणून. त्या रजेवरून परत आलेला माणूस मी पाहिला नाही.

तरण्या पोराला ते एकवेळ परवडतं. तो दुसऱ्या एजंटाकडे जातो, दुसऱ्या देशात जातो. पन्नाशी ओलांडलेल्या सुताराला नवा व्हिसा कोण देणार? हसनभाई एकदा सहज म्हणाला होता, "साहेब, मी आता इथून निघालो की निघालो. म्हणून विमानाकडे वर बघतही नाही मी."

कामगारांच्या बस भाड्याच्या होत्या. कंपनीने आधी त्याच कमी केल्या. नऊच्या पाच. उरलेली साइट दुबईच्या पलीकडच्या टोकाला आणि शारजा-दुबईचा रस्ता म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. पाच बसनी दोन-दोन फेऱ्या करायच्या म्हणून पहिली फेरी पहाटे चारला निघू लागली आणि शेवटची फेरी रात्री नऊच्या पुढे परत येऊ लागली. आल्यावर रांधायचं, खायचं, आणि तीनला उठायचं. तीन आठवड्यांत एक नेपाळी पोरगा परांचीवर उभ्या उभ्या झोपला आणि पडता पडता वाचला. ओट्यांचे सहा जण माझ्याकडे आले. मी ऑफिसला चिठ्ठी लिहिली. पुन्हा आले, पुन्हा लिहिली. तिसऱ्या चिठ्ठीला जीएमचं उत्तर आलं. हा आमचा जनरल मॅनेजर, लेबनॉनचा इंजिनियर, एरवी हसतमुख, सगळ्यांना 'हबीबी', म्हणजे 'दोस्ता', म्हणणारा. त्याने चिठ्ठीच्या खाली लिहिलं होतं की नोकरी आहे याबद्दल त्यांनी आभार मानावेत.

त्या महिन्यात सहाव्या ओट्याची पाळी खरं तर रामदुलार नावाच्या बलियाच्या गवंड्याची होती. तो तोतरा बोलायचा. मला त्याचं ऐकायला वेळ लागायचा आणि त्या दिवसांत मला कशालाच धीर नव्हता. मीच हसनभाईला म्हटलं, "या महिन्यात तुम्ही घ्या हो. तुमची पाळी पुढे त्याला देऊ." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "पाळी बदलू नये साहेब." मी म्हटलं, "अहो, माझी सोय बघा जरा." आणि यादीवर रामदुलारचं नाव खोडून त्याचं लिहिलं.

दोन आठवड्यांनी सकाळी साडेपाचला घरी फोन आला, सिक्युरिटीचा. "बॉस, जल्दी आओ." मी पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. पाचही बस कॅम्पाच्या दारात, इंजिन बंद, दारं उघडी. आणि त्यांच्या पुढ्यात, मोकळ्या जागेत, सातशे माणसं मांडी घालून बसलेली. आंघोळी केलेली, गणवेष घातलेली, हेल्मेट मांडीवर, डबे बाजूला. घोषणा नाही, दगड नाही, कोणी उभंसुद्धा नाही. मी बारा वर्षांत इतकी शांत सातशे माणसं पाहिली नव्हती. सगळ्यात जास्त कशाने हादरलो सांगू? ते भाषेभाषेने बसले नव्हते, खोल्याखोल्यांनी बसले होते. मी ज्या रंगांची भेसळ करून ठेवली होती तेच रंग जसेच्या तसे शेजारी शेजारी. आठ आठ जणांचे घोळके, आणि प्रत्येक घोळक्यात एकमेकांशी त्या मोडक्या हिंदीत कुजबुज. एका ताटात न जेवणाऱ्या माणसांना एकत्र बोलायला मीच शिकवलं होतं.

सरकारी लेबर ऑफिसची दोन माणसं आली. सभ्य होती, त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्यातर्फे कोण बोलणार?" मग सहा जण उठले. अर्थात तेच, त्या महिन्याचे सहा. मी मधे उभा राहून भाषांतर केलं. बस, झोप, परांचीवरचा पोरगा, एवढंच. त्या दोघांनी लिहून घेतलं, कंपनीला फोन लावला, बस वाढवायला सांगितल्या, आणि माणसांना सांगितलं की काम बंद करणं हा गुन्हा आहे, पुन्हा करू नका, यल्ला, चला, कामावर जा. अकराच्या आत सगळे गेले. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी जीएमने बोलावलं. 'हबीबी' नव्हतं.

"नावं दे. कोणी केलं?"

"सर, पुढारी असा कोणीच नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं. आणि ते सिद्ध करण्यासाठी मी एक अतिशहाणपणा केला, तो आजवर मला सोडत नाही. मी कॅम्पात गेलो, स्वयंपाकघराच्या दारावरची यादी काढली आणि त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. माझा हिशोब असा की हे बघितलं की त्याला कळेल, उठलेले सहा जण पुढारी नव्हते, फक्त त्यांची पाळी होती. मागच्या महिन्यात दुसरे असते, पुढच्या महिन्यात तिसरे. शेगड्यांची तर यादी! मी अगदी उत्साहाने समजावून सांगत होतो.

त्याने यादी वाचली. सावकाश, वरून खाली. सहा ओटे, बारा महिने. मग चष्मा काढला.

"हे तू लिहिलंस?"

"येस सर."

"कदम, दिस इज अ कमिटी. सहा भाषांचे प्रतिनिधी, दर महिन्याला बदलणारे. तू माझ्या कॅम्पात युनियन चालवतोस, आणि ती इतकी चांगली की मोडायला पुढारीसुद्धा सापडू नये." तो हसला, पण ते हसू नेहमीचं नव्हतं. "तसंही मला शंभर माणसं कमी करायची आहेत. ही बहात्तर नावं लाँग लीव्हवर टाक."

मी काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. हात जोडले होते हे आठवतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक. मग ज्याने सुरुवात केली तो एक माणूस दे. उद्यापर्यंत. एक माणूस मिळाला तर ही यादी मी फाडून टाकतो. नाही मिळाला तर बहात्तर."

एक माणूस द्यायचा कुठून? नसलेला माणूस कोण आणणार? संध्याकाळी पहिली फेरी परत आली तेव्हा मी हसनभाईला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. यादी मीच नेऊन दिली हेही सांगितलं. वाटलं, आता हा शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो पायातले सेफ्टी बूट सोडत होता. एक सोडला, दुसरा सोडला.

"कोणी बसवलं हो या लोकांना?" मी विचारलं.

"कोणी नाही साहेब. आदल्या संध्याकाळी ओट्यांवर बोलणं झालं. हा त्याला म्हणाला, तो त्याला म्हणाला. सकाळी कोणी बसमध्ये चढलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "उद्या मला मुदीरकडे घेऊन चला. मी बोलतो." मुदीर म्हणजे मॅनेजर.

मला वाटलं, हा अठरा वर्षांचा जुना माणूस, गयावया करेल, जीएम ऐकेलही. मी घरी जाऊन चक्क जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघेच. जीएम टेबलामागे, हसनभाई उभा, मी मधे. हसनभाईने जीएमकडे पाहिलं आणि माझ्याशी त्याच्या त्या शाळेतल्या मराठीत बोलायला लागला. ते मराठी त्या खोलीत फक्त मलाच कळत होतं.

"कदमसाहेब, यांना सांगा, सगळं मीच केलं. बस अडवायचं माझ्या डोक्यात आलं, लोकांना मी भरीस पाडलं. यादीतल्या बाकीच्यांना काही माहीत नव्हतं. असं सांगा."

"हसनभाई, काय बोलताय हे?"

"बहात्तर घरं आहेत साहेब. सांगा."

"अहो, पण या महिन्यात पाळीसुद्धा तुमची नव्हती!"

"ते आता बोलू नका."

"व्हॉट इज ही सेइंग?" जीएमने विचारलं.

हसनभाईने मग स्वतःच छातीवर हात ठेवला आणि त्याला येत होतं तेवढं अरबी बोलला, "आना, मुदीर. आना." मी, साहेब, मी. पण जीएमने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"खरं आहे का?"

मला सांगता आलं असतं. हा माणूस खोटं बोलतोय, याने फक्त माझ्या सोयीसाठी दुसऱ्याची पाळी घेतली, असं सांगता आलं असतं. मग बहात्तर गेले असते, त्यात हाही गेलाच असता. हा हिशोब मी तेव्हा केला आणि गेली कित्येक वर्षं रोज करतो, आणि दर वेळी तो बरोबरच येतो, आणि मला एकदाही बरं वाटत नाही. शिवाय आत कुठेतरी माझी स्वतःची नोकरी होती, लेकीची शाळा होती. तीही त्या हिशोबात होती. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो.

"येस सर," मी म्हटलं.

जीएमने दिलेला शब्द पाळला. यादी आमच्यासमोर फाडली, दोनदा, आणि टोपलीत टाकली. हसनभाईला चार दिवसांत पाठवलं. कागदांवर त्याच्या सह्या मीच घेतल्या, कारण तेही कॅम्प बॉसचंच काम. विमानतळावर सोडायलाही मीच गेलो. खोलीतल्या मंडळींनी, म्हणजे एक तेलुगू, दोन बंगाली, एक पठाण, एक नेपाळी आणि दोन मल्याळी, त्याला एक घोंगडी घेऊन दिली होती, ती त्याने काखेत धरली होती. "कोकणात एवढी जाड घोंगडी काय करू?" एवढंच म्हणाला आणि हसला. मी त्याचा हात हातात घेतला. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "पोचल्यावर फोन करा."

बस दोन वाढल्या. पहिली फेरी पाचला निघू लागली. जीएमने तोंडी हुकूम दिला की दारावर पुन्हा कसलीही यादी दिसता कामा नये. मी लावलीही नाही, आणि लावायची गरजही पडली नाही. माणसंच येईनाशी झाली. शेगड्यांवरून भांडणं झाली नाहीत, अर्ज आले नाहीत, घोरण्याचीसुद्धा तक्रार आली नाही. दुसऱ्या इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला तर चार दिवस मला कळलं नाही. साडेतीनशे माणसं पहिल्या इमारतीतून बादल्या वाहत होती. मी ओरडलो, "अरे, सांगायचं ना कोणीतरी!" सगळे बादल्या उचलून चालू लागले. कोणीही म्हणालं नाही की सांगणारा माणूस तुम्ही पाठवून दिलात. वर्षअखेरीस ऑफिसने मला सर्वांत शांत कॅम्प म्हणून मानपत्र दिलं. ते मी घरी आणलं नाही.

हसनभाईचा फोन आला तो चार महिन्यांनी. गावातल्या कोणाच्या तरी मोबाइलवरून. बरा होता. होड्या दुरुस्त करणाऱ्याकडे सुतारकाम करत होता, डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. नवा व्हिसा मिळेल का असं त्याने विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही. बस वाढल्या का ते विचारलं. वाढल्या म्हटल्यावर "बरं झालं, बरं झालं" असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "आणि आमच्या ओट्यावर या महिन्यात पाळी कोणाची?"

मी खिडकीशी उभा होतो. खाली मोकळ्या जागेत माणसं बसमधून उतरत होती आणि एकमेकांशी न बोलता आपापल्या जिन्यांकडे जात होती. यादी नाही, पाळी नाही, तुम्ही गेलात आणि सगळं बंद पडलं, हे त्या माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मी एक नाव सांगितलं. रामसूरत. त्या नावाचा एकही माणूस आमच्या कॅम्पात नव्हता.

"रामसूरत," हसनभाई म्हणाला, आठवून बघत असावा. "नवीन आहे वाटतं. बोलायला कसा आहे?"

"चांगला आहे. घाबरत नाही."

"मग झालं. त्याला माझा निरोप द्या साहेब. उन्हाळा आलाय, टँकरच्या मागे आत्तापासून लाग म्हणावं. एकट्याने जाऊ नको, सहा जण मिळून जा म्हणावं. सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हटलं.